नजरेखालून

पेरू देशात, लिमाच्या विमानतळावर, १९९६ साली एक बोइंग ७५७ धुऊन-पुसून लख्ख केलं गेलं. विमान एरोपेरू या कंपनीचं. त्याच्या पोटाकडचा पत्रा रंगवलेला नव्हता; पॉलिश मारलं की तो नव्या स्टीलच्या पातेल्यासारखा चमकायचा. विमान धुताना अंगावरची काही बारीक छिद्रं झाकून घ्यावी लागतात, कारण त्यांत पाणी किंवा पॉलिश शिरून चालत नाही. काम करणाऱ्याने ती झाकली. त्यासाठी वापरली चिकटपट्टी, आणि तिचाही रंग चंदेरी. काम उरकलं, फडकी-बादल्या हलल्या, डाव्या अंगाच्या छिद्रांवरची पट्टी मात्र तिथेच राहिली.

विमान मग देखरेख करणाऱ्यांच्या नजरेखालून गेलं. मुख्य वैमानिकही रिवाजाप्रमाणे विमानाभोवती फेरी मारून आला. रात्रीची वेळ, चकचकीत पत्रा आणि त्यावर तसलीच चकचकीत पट्टी. २ ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर पाऊण वाजायच्या सुमारास ६१ प्रवासी आणि ९ कर्मचारी घेऊन ते चिलीची राजधानी सान्तियागोकडे निघालं. अर्ध्या तासाच्या आत ते पॅसिफिक महासागराच्या पोटात गेलं होतं. सत्तरातलं कुणीही वाचलं नाही.

चिकटपट्टीच्या तुकड्याने एवढं मोठं विमान कसं पडतं? इंजिनं ठणठणीत होती, इंधन होतं, पंख शाबूत होते. पण ते विमान आंधळं झालं होतं, आणि आपण आंधळे झालो आहोत हेही त्याला धड सांगता येत नव्हतं.

विमानाला आपली उंची कळते ती हवेच्या दाबावरून. समुद्रसपाटीला दाब असतो सुमारे १,०१३ हेक्टोपास्कल. वर जाऊ लागलं की सुरुवातीला साधारण दर आठ-नऊ मीटरला तो एकेक हेक्टोपास्कलने उतरतो. १८,००० फुटांवर निम्मा होतो. हा बाहेरचा दाब आत पोचवायला विमानाच्या अंगावर ‘स्टॅटिक पोर्ट’ नावाची छिद्रं असतात. नाण्याएवढ्या चकतीत टोचलेली भोकं, एवढाच त्यांचा थाट. वेग मोजायला आणखी एक नळी लागते, पिटॉट नळी. ती पुढच्या बाजूला तोंड करून असते आणि समोरून आदळणारी हवा अंगावर घेते. आदळणाऱ्या हवेचा दाब वजा छिद्रांतून आलेला स्थिर दाब, यातून वेग निघतो. म्हणजे छिद्रं बंद झाली की उंची गेली, वेग गेला आणि चढण्या-उतरण्याचा दरही गेला. एका पट्टीने तीन काटे खोटे.

लिमाहून उड्डाण झाल्या झाल्या उंचीचे काटे अडकलेले दिसले. वैमानिकांनी आणीबाणी जाहीर केली आणि परत फिरायचा प्रयत्न केला. खाली काळा समुद्र, वर काळं आभाळ. किनाऱ्याचा दिवा नाही की क्षितिजाची रेघ नाही. कॉकपिटमध्ये एक यंत्र ओरडत होतं की वेग फार वाढला आहे. त्याच वेळी दुसरं वैमानिकाच्या हातातला दांडा थरथरवून सांगत होतं की वेग फार कमी झाला आहे, विमान आता हवेत टिकणार नाही. शेवटी त्यांनी अगदी शहाणपणाची गोष्ट केली: जमिनीवरच्या नियंत्रकाला विचारलं, आमची उंची किती? नियंत्रकाने पडद्यावर पाहून सांगितली, ९,७०० फूट.

तो आकडा नियंत्रकाने मोजलेला नव्हता. रडारला विमान कुठे आहे ते दिसतं. किती उंच आहे ते विमानच आपल्या ट्रान्सपाँडरमधून त्याला कळवतं. आणि विमान ते कळवत होतं त्याच झाकलेल्या छिद्रांच्या आधारावर. घरातली दहा घड्याळं एकाच चुकलेल्या घड्याळावरून लावावीत, मग ती सगळी एकमेकांशी तंतोतंत जुळावीत, तसा हा प्रकार. वैमानिकांना साक्षीदार मिळाला तो त्यांचाच प्रतिध्वनी होता.

खरं बोलणारं एक यंत्र होतं. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा हवेच्या दाबावर चालत नाही. ती खाली रेडिओलहर सोडते आणि परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते. ती ‘खाली जमीन आहे’ म्हणून बजावत राहिली. पण जिथे चार यंत्रं खोटं बोलताना पकडली गेली आहेत तिथे पाचव्याचं कोण ऐकणार? उंचीचा काटा ९,७०० फूट दाखवत असताना डाव्या पंखाचं टोक पाण्याला घासलं. विमान क्षणभर वर उचललं गेलं, आणि मग उलटं होऊन पडलं.

खटला झाला, शिक्षा झाली ती पट्टी लावणाऱ्या कामगाराला. कायद्याचं बोट शेवटच्या हातापर्यंत जातं आणि तिथेच थांबतं. ती छिद्रं झाकायला लांबून डोळ्यांत भरेल असं काही त्याच्या हातात का नव्हतं, हा प्रश्न कोर्टाला विचारण्यासारखा नसेलही, पण या प्रकरणाला तोच पुरा आहे.

उड्डाणापूर्वीच्या फेरीला विमानवाले ‘वॉकअराउंड’ म्हणतात. आपल्याकडे प्रदक्षिणा हा शब्द आयता आहे आणि तो चपखलही बसतो, चांगल्या अर्थाने आणि वाईटही. विमानतळाच्या काचेतून पाहिलंत तर दिसेल: पिवळं जाकीट घातलेला एक वैमानिक विमानाच्या नाकापासून सुरुवात करतो, चाकं पाहतो, इंजिनात डोकावतो, पंखाच्या कडेखालून जातो, शेपटीला वळसा घालून दुसऱ्या अंगाने परत येतो. आपले ट्रकवाले घाट चढण्याआधी टायरवर टॉमी आपटत गाडीभोवती फिरतात, तसंच. फरक एवढाच, की ट्रकवाला कानाने ऐकतो. फुसक्या टायरचा आवाज वेगळा येतो, तो त्याला शोधावा लागत नाही, तोच येऊन कानावर पडतो. वैमानिकाला डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते, आणि डोळ्यांची एक खोड आहे. जे असायला नको ते असलं तर ते पटकन पकडतात: तेलाचा ओघळ, पत्र्याला पडलेला पोचा, पक्ष्याचं पीस. जे असायला हवं ते नसलं तर ते बहुतेक वेळा दिसत नाही. दहा हजार वेळा पाहिलेल्या पत्र्यावर एक छिद्र ‘नसणं’ हे दृश्यच नव्हे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत डॉमिनिकन प्रजासत्ताकात आणखी एक ७५७ पडलं होतं. बिर्गेनएअरचं ते विमान काही आठवडे नुसतं उभं होतं, आणि शेवटचे काही दिवस तरी पिटॉट नळ्यांवर आवरण नव्हतं. एक नळी बंद झाली होती. नळ्या समुद्रातून हाती आल्या नाहीत, पण तपासकांचा कयास असा, की त्या मुलखातल्या कुंभारमाशीने तिच्यात मातीचं घर केलं असावं. आपल्याकडे कुंभारीण माशी खिडकीच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे, इस्त्रीच्या प्लगात घर करते, तिच्याच जातकुळीतली. १८९ माणसं गेली. एका विमानाचा घात आवरण काढायचं राहिलं म्हणून झाला, दुसऱ्याचा घालायचं राहिलं म्हणून.

आता इंग्लंडला, बर्मिंगहॅमला जाऊ. इथे कुणी काही विसरलं नव्हतं. काम झालं होतं, मन लावून झालं होतं, आणि करणारा माणूस अनुभवी होता. म्हणून ही गोष्ट मला लिमाहून जास्त अस्वस्थ करते.

जून १९९०. ब्रिटिश एअरवेजच्या एका बीएसी वन-इलेव्हन विमानाची मुख्य वैमानिकासमोरची काच बदलायची होती. रात्रपाळीला माणसं कमी होती, म्हणून पाळीच्या प्रमुखाने ते काम स्वतःच अंगावर घेतलं. ही काच बाहेरून बसवलेली असते आणि ९० बोल्टांवर धरलेली असते. त्याने जुने बोल्ट काढले, त्यांतला एक नमुना हातात घेतला आणि तसलेच नवे शोधायला निघाला. भागांची यादी उघडली असती तर कळलं असतं, की जुने बोल्टच मुळात चुकीचे होते, हवे त्यापेक्षा आखूड. पण त्या आखूड बोल्टांनी चार वर्षं काच धरून ठेवली होती. स्टोअरमधल्या माणसाने सांगितलंही, की या काचेला दुसऱ्या नंबरचे बोल्ट लागतात. पण जे चार वर्षं चाललं ते चालतंय, हा युक्तिवाद पहाटेच्या वेळी फार पटतो.

स्टोअरमध्ये तसले बोल्ट पुरेसे नव्हते. तो गाडी घेऊन विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे सुट्या भागांची एक मांडणी होती. उजेड बेताचा, खणांवरच्या चिठ्ठ्या पुसट, आणि हा गृहस्थ एरवी वाचायला चष्मा लावायचा, तो तेव्हा लावलेला नव्हता. हातातला नमुना खणातल्या बोल्टाशेजारी धरून त्याने ताडून पाहिलं आणि ८४ बोल्ट उचलले. त्यांची लांबी ठीक होती; जाडी ०.०२६ इंचाने, म्हणजे मिलिमीटरच्या दोन-तृतीयांशाने कमी होती. उरलेले सहा जुन्यासारखेच, जाडीला बरोबर पण आखूड.

बारीक बोल्ट मोठ्या आट्यांत कसा बसला? इथे हातानेच दगा दिला. ठरावीक जोर लागला की ‘कट’ करून सुटणारा स्क्रूड्रायव्हर तो वापरत होता, म्हणजे बोल्ट गरजेपुरता आवळला गेला की हाताला झटका कळतो. बारीक बोल्टाचे आटे मोठ्या आट्यांवरून घसरत होते आणि तोही हाताला तसलाच झटका देत होता. शिडी-मचाणाची जागा अशी, की अंग ताणून, वाकडं होऊन काम करावं लागत होतं; बोल्टांची डोकी आपापल्या खळग्यांत जरा जास्तच आत गेलेली दिसायला समोर उभं राहायला हवं होतं. वैमानिकाच्या काचेचं काम दुसऱ्या कुणी तपासून सही करावी असा नियम तेव्हा नव्हता. विमानात हवा भरून दाबाची चाचणी घ्यायचीही अट नव्हती.

काच बसवल्यापासून सुमारे २७ तासांनी, १० जूनला सकाळी, ते विमान ८१ प्रवासी घेऊन स्पेनमधल्या मालागाला निघालं. तेरा मिनिटांनी, १७,३०० फुटांवर, काच उडाली. आतल्या हवेच्या लोटाबरोबर कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर फेकले गेले आणि कॉकपिटच्या छतावर पाठीवर पडले; पाय तेवढे आत अडकले. नायजेल ऑग्डेन या केबिन कर्मचाऱ्याने धावत येऊन त्यांना धरलं, मग इतरांनी आळीपाळीने धरलं. कॅप्टन गेलेच असं सगळ्यांना वाटत होतं. तरी सोडलं नाही, कारण देह सुटून पंखावर, इंजिनावर किंवा शेपटीवर आदळला असता तर सगळेच गेले असते. सहवैमानिक अॅलेस्टर अॅचिसन यांनी समोर वाऱ्याचा झोत घेत विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन जिवंत होते. हाताची हाडं मोडली होती, थंडीने कातडी जळली होती. पाच महिन्यांच्या आत ते पुन्हा विमान चालवायला लागले.

गोष्ट इतकी विलक्षण आहे, की सांगताना लोक कॅप्टनच्या पायांपाशीच थांबतात. तपास अहवाल मात्र रमतो तो त्या मांडणीपाशी, पुसट चिठ्ठ्यांपाशी आणि न लावलेल्या चष्म्यापाशी. चांगला अहवाल कथेसारखा वाचता येतो तो त्यामुळेच. त्यात खलनायक नसतो, नुसता एक माणूस पहाटे काम उरकत असतो.

काम अर्धं झालेलं असताना पाळी बदलली तर काय होतं, त्याचा नमुना पुढच्याच वर्षी अमेरिकेत टेक्सासमध्ये दिसला. कॉन्टिनेन्टल एक्स्प्रेसच्या एका छोट्या विमानाच्या शेपटीवरच्या आडव्या पंखाची रबरी पट्टी बदलायची होती. संध्याकाळच्या पाळीने वरच्या बाजूचे स्क्रू डावी-उजवीकडचे दोन्ही काढून ठेवले. रात्रीच्या पाळीने उजवीकडचं काम पुरं केलं. डावीकडचे ४७ स्क्रू काढलेत हे त्यांना कुणी सांगितलं नाही, कागदावर कुणी लिहिलं नाही. पंखही असा, की शेपटीच्या शेंड्यावर बसवलेला. खाली उभं राहून कितीही प्रदक्षिणा घाला, त्याची वरची बाजू दिसायची नाही. ११ सप्टेंबर १९९१ ला सकाळी त्या विमानाने एक फेरी सुखरूप केली. दुसऱ्या फेरीत ईगल लेक गावाजवळ कड निघून गेली आणि विमानातले १४ जण ठार झाले. चौकशी मंडळाचे एक सदस्य, जॉन लॉबर, यांनी निकालाला आपलं वेगळं मत जोडलं: दोष नुसता त्या रात्रीच्या माणसांचा नाही, कामाची अशी पद्धत चालू देणाऱ्या वरच्या व्यवस्थापनाचाही आहे. अपघात-चौकशीच्या क्षेत्रात ते मत आजही आदराने आठवलं जातं.

आणि मग कान. खंडाळ्याचा घाट चढताना कानाला दडे बसतात. विमानात तेवढंच होतं आणि आपण चॉकलेट चघळतो. विमान ३४,००० फुटांवर, एव्हरेस्टच्या माथ्याहूनही वर असतं, तेव्हा आतला दाब इंजिनातून घेतलेल्या हवेने असा राखला जातो, की आपण सहा ते आठ हजार फुटांवर बसलो आहोत असं शरीराला वाटावं. कळसूबाईचा माथा ५,४०० फुटांवर आहे. त्याहून थोडं वर, एवढंच. ही हवा भरणं थांबलं तर त्या उंचीवर माणूस शुद्धीत राहतो एखादं मिनिट. आणि त्या मिनिटातही तो घाबरत नाही, उलट त्याला बरं वाटू लागतं. प्राणवायू कमी पडलेला मेंदू आपल्या कमतरतेची तक्रार करत नाही.

१४ ऑगस्ट २००५ च्या पहाटे सायप्रसमध्ये लार्नाकाला हेलिओस कंपनीचं बोइंग ७३७ आलं. मागच्या दाराच्या सीलबद्दल तक्रार होती. जमिनीवरच्या इंजिनिअरने दाब भरून गळती तपासली. त्या चाचणीसाठी दाबाच्या पॅनेलवरची कळ ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर न्यावी लागते. चाचणी झाली, गळती नव्हती, कळ ‘मॅन्युअल’वरच राहिली. म्हणजे आता हवेची झडप विमान स्वतः सांभाळणार नव्हतं, कुणीतरी हाताने सांभाळायची होती, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं.

पुढचं वाचताना अंगावर काटा येतो. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत ही कळ पाहायची असते. इंजिन सुरू करण्याआधीच्या यादीत ती पुन्हा येते. उड्डाणानंतरच्या यादीत दाबाचा विषय तिसऱ्यांदा येतो. तिन्ही वेळा ती निसटली. आणि ती काही अंधारात लपलेली नव्हती. ‘मॅन्युअल’ असलं की पॅनेलवर दिवा लागतो. पण तो दिवा हिरवा. लाल दिव्याने माणूस दचकतो, पिवळ्याने सावध होतो. हिरवा दिवा दिसला की तो निर्धास्त होतो. सिग्नलपाशी लहानपणापासून तेच तर शिकलेला असतो.

१२,००० फुटांवर भोंगा वाजला. आतला दाब धोक्याच्या खाली गेल्याचा तो भोंगा होता. पण हाच भोंगा, अगदी याच आवाजात, जमिनीवर असताना वेगळ्या कारणासाठी वाजतो: विमान उड्डाणाला नीट तयार नाही हे सांगायला. जमिनीवरचा इशारा वैमानिकाच्या ओळखीचा, हवेतला त्याने खरोखर कधी ऐकलेला नसण्याचीच शक्यता जास्त. कॅप्टनने कंपनीला रेडिओवर तोच कळवला, उड्डाणाच्या तयारीचा. हवेत असताना तो इशारा वाजणं शक्य नाही, हे ताज्या मेंदूला सुचलं असतं. जमिनीवरून इंजिनिअरने दाबाची कळ ‘ऑटो’वर आहे का असं विचारलंही. तोवर वर बोलणाऱ्या माणसाला प्रश्न नीट उमगत नव्हता. त्याने उत्तराऐवजी दुसराच प्रश्न विचारला. केबिनमध्ये प्राणवायूचे मुखवटे लोंबत होते, पण त्यांतला पुरवठा बारा-एक मिनिटांचा. ऑटोपायलटने विमान ३४,००० फुटांवर नेलं, अथेन्सपर्यंत पोचवलं आणि तिथे घिरट्या घालत ठेवलं. ग्रीक हवाई दलाची दोन एफ-१६ विमानं जवळ गेली तेव्हा सहवैमानिक आपल्या जागी निश्चल दिसला. बऱ्याच वेळाने एक कर्मचारी कॉकपिटमध्ये शिरताना दिसला, बहुधा प्राणवायूच्या बाटलीवर टिकलेला. त्याच सुमाराला इंधन संपलं. बारा वाजून गेल्यावर विमान ग्रामातिको गावाजवळच्या डोंगराला धडकलं. १२१ मृत्यू. पुढे त्या जातीच्या विमानांत भोंग्याबरोबर वेगळा दिवा बसवणं सक्तीचं झालं, म्हणजे कानाला आलेली शंका डोळ्याला फेडता यावी.

याची आठवण मुंबईला २० सप्टेंबर २०१८ च्या सकाळी झाली. जेट एअरवेजचं मुंबई–जयपूर विमान १६६ प्रवाशांसह वर चढत होतं, आणि इंजिनातली दाबाखालची हवा केबिनकडे सोडणारा ब्लीड स्विच लावायचा राहिला होता. विमान तेच, ७३७. कानात कळा आल्या, मुखवटे खाली पडले, तीसएक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं किंवा डोकं दुखायला लागलं. मुखवटे लावलेल्या प्रवाशांचे व्हिडिओ दुपारपर्यंत घरोघरी पोचले. विमान वेळेत मुंबईला परतलं, म्हणून ती बातमी ठरली आणि हेलिओस हा धडा.

एवढ्या याद्या असताना हे कसं होतं? यादी विमानात आली तीही एका विसरण्यापोटीच. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत डेटनजवळच्या राइट फील्डवर बोइंगचं नवं बॉम्बर, मॉडेल २९९, लष्कराला दाखवायला उडालं आणि थोडंसं चढून कोसळलं. उभं असताना वाऱ्याने शेपटीचे पल्ले हलू नयेत म्हणून ते कुलूपबंद करतात. ते कुलूप उघडायचं राहिलं होतं. चालवणारे मेजर प्लॉयर हिल नवशिके नव्हते, चाचणी-वैमानिकांत नावाजलेले होते. ते आणि बोइंगचे चाचणी-वैमानिक लेस्ली टॉवर, दोघेही त्यात गेले. वैमानिकांना जास्त प्रशिक्षण द्या असं कुणी म्हटलं नाही. प्रशिक्षण आणखी किती देणार? त्याऐवजी छोट्या याद्या झाल्या: उड्डाणाआधीची, हवेतली, उतरण्याआधीची, उतरल्यानंतरची. तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंनी बनलं.

पण यादीचं पाठांतर झालं की ती आरती होते. शब्द तोंडातून निघतात, टाळ्या तालात पडतात, मन बाहेर काढून ठेवलेल्या चपलांपाशी असतं. एक विचारतो, दुसरा ‘ऑटो’ म्हणतो, कारण तिथे नेहमी ‘ऑटो’च असतं. किंवा मध्येच नियंत्रकाचा निरोप येतो, धावपट्टी बदलते आणि यादीचं पान उलटायचंच राहतं. डेट्रॉइटला १६ ऑगस्ट १९८७ ला तसंच झालं: पंखांचे फ्लॅप बाहेर न काढता विमान धावलं, १५६ माणसं मेली, विमानातली चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. आपल्या रेल्वेत गाडीचे चालक आणि सहचालक पुढचा सिग्नल दिसला की हात करून त्याचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. पाहणाऱ्याला ते जरा पोरकट वाटतं. पण त्या हात करण्यात डोळ्याला तिकडे जावंच लागतं.

ब्रिस्बेनला कुंभारमाश्यांचा फार उपद्रव आहे. बाहेरच्या खंडातून आलेली एक जात तिथल्या विमानतळावर वस्ती करून आहे आणि पिटॉट नळी तिला घरासाठी फार पसंत पडते. म्हणून तिथे विमान उभं राहिलं की नळ्यांवर आवरणं घालतात. लिमासारखी चूक होऊ नये म्हणून त्यांना लांब पट्ट्या लोंबत असतात, त्यांवर उड्डाणापूर्वी काढण्याची ताकीद लिहिलेली. १८ जुलै २०१८ च्या रात्री मलेशिया एअरलाइन्सचं एक एअरबस ए३३० क्वालालंपूरला निघालं, आणि तिन्ही नळ्यांवरची आवरणं तशीच होती. इंजिनिअरची पाहणी, जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांची पाहणी, कॅप्टनची फेरी, यांतलं काही उरकतं घेतलं गेलं होतं, काही झालंच नव्हतं. उड्डाणाच्या धावेतच वेगाचे आकडे गायब झाले आणि ते लक्षात घेऊन थांबेपर्यंत विमान हवेत होतं. पण लिमापासूनच्या २२ वर्षांत विमानं थोडी शहाणी झाली होती. या विमानात नळ्यांवाचून, पंखाला हवा कोणत्या कोनातून भिडते त्यावरून वेगाचा अंदाज देणारी सोय होती. तासाभराने २२९ जण सुखरूप उतरले, तेव्हा आवरणं जागच्या जागी होती.

त्यानंतर सूचना निघाल्या, पद्धती बदलल्या. चार वर्षांनी, मे २०२२ मध्ये, त्याच ब्रिस्बेनला सिंगापूर एअरलाइन्सचं एक ए३५० निघायच्या बेतात होतं, आणि नळ्यांवर आवरणं होती. ज्यांनी पाहायचं त्यांच्या नजरेखालून ती गेली होती. दिसली ती इंधन भरणाऱ्या एका कामगाराला, ज्याचं त्या विमानाशी काही काम नव्हतं. त्याने जाऊन सांगितलं. आवरणं काढली, आणि विमान सिंगापूरला गेलं.